सलीमनं फिरवलेली पाठ

सकाळी चहाचा कप हातात होता आणि सलीमच्या बायकोचा, नसीमभाभीचा फोन आला. "मास्तर, तुमचे दोस्त गेले..." सलीम गेला. तुमचे दोस्त, म्हणाली ती, आणि हा दोस्त महिनाभर त्याच्याशी बोलत नव्हता! पाच आठवडे झाले, अजून जिवाला चैन नाही. जेवता जेवता उठतो, अंगणात येरझारा घालतो. बायको म्हणते, बसा हो एका जागी.

घाटंजीत बाजाराच्या रस्त्याला सलीमचं कॉम्प्युटरचं दुकान. फॉर्म भरायला येणारी आपली माणसं भर दुकानात ओरडून पासवर्ड सांगणार, "लिहून घे ना भाऊ!" सलीम कधी लिहून घ्यायचा नाही. कीबोर्ड त्यांच्यापुढे सरकवायचा आणि भिंतीकडे तोंड करून, तिथलं कॅलेंडर वाचत उभा राहायचा. मी हसायचो. "अबे, म्हातारीची पेन्शन हाये, सरकारी खजिना नाही!" तो न वळताच म्हणायचा, "तिची हाये न, मास्तर."

रिटायर झाल्यावर मी आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्या बायांचे आवाज रेकॉर्ड करू लागलो. धम्म घेतला तेव्हाच्या आठवणी. मशीन सलीम सांभाळायचा. सोनामाय सगळ्यात शेवटी बोलली, तीही दार लावून. धम्म घेताना घरातले देव नदीत सोडणारं वस्तीतलं पहिलं घर तिचं, असं तिच्या घराचं नाव. आणि तिनं सांगितलं, सासूची देवी तिनं धान्याच्या कणगीत लपवली होती, सासू मरेपर्यंत. "माह्या पोराले कळू देऊ नका, मास्तर." मी शब्द दिला.

हे आवाज ठेवायचे कुठं, यावरून आमचं वाजायचं. माझं म्हणणं, वस्तीचे आवाज वस्तीतच राहतील, माझ्या लोखंडी कपाटात. इंटरनेटवरून परदेशातल्या कुठल्या मशीनवर नाही. सलीम म्हणायचा, "कुठं हाये ते कायले पाह्यता? कुलूप कसं हाये ते पाहा. फाइललेच कुलूप लावू, मंग कोनी नेली तरी त्याले काही ऐकू येनार नाही." मी ऐकतो होय! पेन ड्राइव्ह कपाटात ठेवला. किल्ली खुंटीला, सगळ्या घराला माहीत.

जयंतीला पुतण्यानं मोठ्या कौतुकानं तो पेन ड्राइव्ह नेला आणि लाउडस्पीकरला लावला. सोनामायचा आवाज वस्तीभर... मी धावत जाऊन वायर उपटली, तोवर देवी कणगीत गेली होती. पुढचं कोणीच ऐकलं नाही. तिचा मुलगा अशोक त्या दिवसापासून तिच्याशी बोलेना.

मग सलीमनं एकेकीला दुकानात बोलावलं. प्रत्येकीच्या फाइलला तिनं स्वतः टाइप केलेला पासवर्ड लावला, फाइली त्या परदेशी मशीनवर चढवल्या आणि पेन ड्राइव्ह पुसून टाकला. मी भडकलो.

"पासवर्ड मले सांग."

"मलेच माहीत नाही."

"अन् ती विसरली तं?"

"तं गेलं."

"अक्कल हाये का तुले?"

"मास्तर, तुमच्या घरातच होतं न ते?"

झोंबलं. उठलो आणि निघून आलो. ते आमचं शेवटचं बोलणं.

परवा सोनामायचा निरोप आला. दुकानात गेलो तर ती आणि अशोक एकमेकांकडे न पाहता बसलेले. नसीमभाभीनं मशीन सुरू करून दिलं. सोनामाय म्हणाली, "यानं अर्धंच ऐकलं, मास्तर. आता पुरं ऐकवतो याले." अक्षरं तिला मीच शिकवली होती, प्रौढांच्या वर्गात. तिचं बोट एकेक अक्षर शोधू लागलं. पासवर्ड चुकला. पुन्हा चुकला. सांग, मी टाइप करतो, असं अगदी ओठांवर आलं... गिळलं. उठलो आणि भिंतीकडे तोंड केलं. कॅलेंडरवर सलीम गेला तोच महिना, पान कोणी उलटलं नव्हतं. मागं टक... टक... आणि आठवलाच नाही तर? एका म्हातारीच्या आठवणीवर सगळं टांगून ठेवलंस, सलीम, हे काय करून बसलास बे!

बराच वेळ गेला. मग मशीनमधून सोनामायचा आवाज आला. देवी, कणगी, आणि मी तोडलं होतं त्याच्या पुढचं. "बुढी जेवतच नव्हती बाप्पा. देवी समोर ठेवली का दोन घास खाये. मंग का करू?"

खुर्ची सरकली. "माय," अशोक म्हणाला.

"झालं, मास्तर. फिरा इकडं," सोनामायनं हाक दिली.

मला फिरता येईना.