गळाची भाकरी

लग्नानंतर चार वर्षं मामांनी माझ्या हातची भाकरी खाल्ली नाही. मामा म्हणजे माझे सासरे. त्यांचं घर गळ्यात लिंग घालणारं, मांस-मासळीला न शिवणारं, आणि माझं माहेर उजनीच्या काठावर मासे धरून पोट भरणारं. लग्न आम्ही आमच्या मर्जीनं केलं. मामांनी आदळआपट केली नाही. "ये की घरात. पर माझी भाकरी मी करीन," एवढंच म्हणाले. सासूबाई आधीच गेलेल्या. मंद्रूपजवळच्या त्या घरात मग रोज दोन परातींत पीठ मळलं जाऊ लागलं. मीही काही गरीब गाय नव्हते. ते स्वयंपाकघरात आले की मी मुद्दाम भाकरी टम्म फुगवायचे. ते बघायचेसुद्धा नाहीत. राग यायचा, आणि रागाहून जास्त वाईट वाटायचं.

रविवारी दुपारी नवऱ्याचा डोळा लागला की मी गावाबाहेरच्या तलावावर जायचे. वडिलांनी दिलेला गळ माझ्या ट्रंकेत साड्यांखाली होता. त्याला गांडूळ लावून बसायचे. चिलापी मासळी लागली की क्षणभर हातात धरायची आणि परत पाण्यात सोडायची, कारण घरी न्यायची सोय नव्हती. तेवढ्यानंही माहेरी जाऊन आल्यासारखं वाटायचं.

एका रविवारी मागं चपला वाजल्या. वळून बघितलं तर मामा. आता घर डोक्यावर घेणार, अशी मी मनाची तयारी केली.

"मासा लागल्यावर काय करतीस?" त्यांनी विचारलं.

"सोडते."

"मग धरतीस कशाला?"

"बाबांची आठवण येते," मी म्हणाले, आणि डोळे भरून आले. मामा जरा लांब, एका दगडावर टेकले. गळाकडं बघून म्हणाले, "गांडूळ नको लावू गं. त्याचं काय चुकलं?"

पुढच्या रविवारी ते स्वतःच आले, धोतराच्या सोग्यात स्वतः केलेली कडक भाकरी बांधून. आमच्याकडची कडक भाकरी पापडासारखी, महिनाभर टिकणारी. मामांनी ती भिजवून गळाला लावली. पाण्यात पडताच तिचा भुगा झाला. चार वेळा लावली, चारही वेळा मासे भुगा खाऊन निघून गेले. मला हसू आवरेना. मामा चिडून म्हणाले, "लई हसू नको. तुजी मऊ असती, ती आण."

म्हणून तिसऱ्या रविवारी मी माझी भाकरी नेली. गरम असतानाच मळून तिचा गोळा केला होता. मामांनी तो हातात घेतला, दाबून बघितला, वास घेतला. अर्धा मला गळासाठी दिला आणि उरलेला तोंडात टाकला. मी पाण्याकडंच बघत राहिले. मी काही बोलले तर ते तोंडातला घास थुंकतील, अशी मला भीती वाटली.

मासा लागला. मामा वाकून त्याला म्हणाले, "लागलं का रे तुला?" सोडल्यावर कानडीत त्याला परत बोलावत बसले, "बा, बा." घरी येऊन अंघोळ केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची परात घेतली. पुढं कितीतरी रविवार असेच गेले. तलावावर माझी भाकरी, घरात त्यांची.

परवा ट्रंक आवरताना तो गळ हाताला लागला, आणि त्यांचं शेवटचं आजारपण आठवलं. अन्न सुटलं होतं. नवरा पेज घेऊन विनवायचा, शेजारणी खिचडी आणायच्या, मामा मान फिरवायचे. एका सकाळी मी पाणी द्यायला गेले तर हळूच म्हणाले, "गळाची भाकरी हाय का गं?"

मी धावत जाऊन भाकरी थापली, दुधात मळली. त्या घराच्या छपराखाली मामांनी माझ्या हातचा पहिला घास खाल्ला, सगळ्यांदेखत. दुसरा निम्मा खाल्ला. उरलेला माझ्या तळहातावर ठेवून त्यांनी माझी मूठ मिटली.

"ह्यो त्यास्नी टाक," म्हणाले. "वाट बघत असतील."