माझ्या पट्टीचं युकुलेले

बॅरिटोन युकुलेलेची, म्हणजे गिटारच्या चार तारांच्या धाकट्या भावंडाची, सर्वांत जाड तार छेडली, की तिचा नाद कानांआधी बरगड्यांना कळतो. वाद्य छातीशी धरलेलं असतं, आणि आत बसून कुणी समंजस माणूस आपल्या बोलण्याला हुंकार देतोय असं वाटतं. धरमपेठेतल्या दुकानात तो नाद पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला, पन्नाशी उलटलेल्या बाईला, चारचौघांत टुणकन उडी मारावीशी वाटली. तुम्हाला असं कधी झालंय? वस्तू अजून दुकानातच असते, आणि मन मात्र ती केव्हाच घरी घेऊन गेलेलं असतं!

गेल्या वर्षी गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ गेली, जीव बचावला, पण माझा आवाज पार खाली उतरला. बरं, तक्रार तरी कोणत्या तोंडाने करायची? बेसा भागातल्या आमच्या वसाहतीत भाद्रपद पौर्णिमेला मुली भुलाबाई मांडतात, महिनाभर तिची गाणी म्हणतात, आणि पहिली ओळ उचलण्याचा मान कित्येक वर्षं माझा होता. गेल्या वर्षी मी नुसता खाऊ वाटत बसले. नंतर घरातली हार्मोनियम काढून पाहिली; बोटं सवयीने माझ्या जुन्या पट्टीवर, काळी पाचवर, जायची आणि गळा अर्ध्या वाटेत घोगरा होऊन थांबायचा. त्या पेटीला माझा जुना आवाज पाठ होता. मला हवं होतं एक असं वाद्य, ज्याने मला पूर्वी कधी ऐकलेलंच नाही. यंदाची भुलाबाई तीन आठवड्यांवर आली होती, आणि यंदाही मुकी बसले तर पुन्हा कधी गाणार नाही, हे मी मनोमन ओळखून होते.

दुकानात माझ्यासोबत बाबा होते. उमरेडला त्यांनी सारी हयात हातमागावर काढली. आता माझ्याकडे राहतात. दुकानदाराने आधी इवलीइवली रंगीत युकुलेली काढली, पण त्यांचा स्वर एवढा चिमणा, की माझ्या आवाजाखाली ती चिरडलीच असती. मग त्याने वरच्या फळीवरून दोन बॅरिटोन उतरवली. एक चकचकीत, भोवती शिंपल्यासारखी नक्षी, सोबत मखमली पिशवी. दुसरं साधं, तपकिरी, प्लायवुडचं. किंमत माझ्या ऐपतीत दोन्हींची बसत होती, नक्षीवाल्याची जरा ओढूनताणून. माझा जीव अर्थातच नक्षीवर! बाबांनी मात्र चष्मा काढून खिशात ठेवला, डोळे मिटले आणि मागाच्या फणीवरून फिरवावा तसा अंगठा दोन्ही वाद्यांच्या दांडीवरच्या धातूच्या पडद्यांवरून सावकाश फिरवला.

"हे भुऱ्या रंगाचं घे वं," ते म्हणाले. "त्याच्या पडद्याईच्या कडा बोटाले टोचते. हे साफ हाय. नक्षी काय वाजवतं का तू?"

मी एकेक पडदा दाबून पाहिला. नक्षीवालं दोन जागी खरखरलं, साधं कुठेच खरखरलं नाही. दुकानदार म्हणाला, तारा नव्या आहेत, सुरुवातीला जरा उतरतील. आठवड्यात पसंत पडलं नाही तर परत आणा. साधंच घेतलं, आणि आनंदाची पिशवी मांडीवर घेऊन मी रिक्षात बसले.

शेजारच्या कॉलेजकन्येने मला तीन कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वरांचे गुच्छ, शिकवले. रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी मी तारा जुळवायची, भुलाबाईचं गाणं धरायची, आणि रोज त्याच जागी गळा दगा द्यायचा. त्यातून दुसऱ्या दिवशी सकाळी पाहावं तर चारही तारा ढिल्या! जरा उतरतील म्हणजे एवढ्या? स्वस्तातलं घेतलं की असंच व्हायचं, असं मी स्वतःला बोल लावू लागले. सहाव्या दिवशी ठरवलं, उद्या परत करायचं. संध्याकाळी घरी आले तर बाबा गॅलरीत बसून एकेक खुंटी उलटी फिरवत होते.

"बाबा, हे काय करून राहिले तुम्ही?" मी जवळजवळ ओरडलेच.

"काही नाही, दोन-दोन फेरे ढिलं करून राहिलो." त्यांच्या चेहऱ्यावर अपराधाचा लवलेश नव्हता. "काम झालं की मागाचा ताणा ढिला कराच लागते. रातभर काहून ताणून ठेवाचं त्याले?"

संतापाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आठवडाभर बिचाऱ्या वाद्याला शिव्या घातल्या, आणि करणारे हे! वाद्य हिसकावून घेतलं आणि किती बिघडलंय ते पाहावं म्हणून चारही तारांवरून बोट फिरवलं. आणि काय सांगू! विणकराचा हात, चारही तारा जवळजवळ सारख्याच उतरलेल्या. एकच तार जराशी चढवावी लागली आणि कॉर्ड लागला, तोच, पण खाली, खोल. मी गुणगुणले. गळा जिथे रोज अडायचा ती जागा आली, आणि निघून गेली! मला कळलंसुद्धा नाही. कडवं संपलं, दुसरं सुरू झालं. वर्षभर मी त्या आवाजाला जुन्या उंचीवर उभं करत होते. तो तर खाली, आपल्या जागी, केव्हाचा वाट पाहत बसला होता. आता भुलाबाईला पोरींनाच माझ्या पट्टीत यावं लागेल, याला इलाज नाही!

बाबा ऐकत होते. "असंच राहू दे," एवढंच म्हणाले, आणि खुंट्यांवरचा हात काढून घेतला.

मी तशीच दुकानात फोन लावला, वाद्य परत आणत नाही, हे सांगायला. खरं तर सांगायची गरज नव्हती, पण कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना. "जी सर, कोई बात नहीं सर," दुकानदार म्हणाला. ऑपरेशनपासून फोनवर मी सगळ्यांची सर झाले आहे, आणि दर वेळी मुकाट्याने फोन ठेवते. आज नाही ठेवला. "एक मिनिट ऐका," म्हटलं, फोन मांडीजवळ ठेवला, आणि अख्खं कडवं म्हटलं, तारांसकट.

पलीकडे दुकानातल्या गिऱ्हाइकांची कुजबुज ऐकू येत होती. मग दुकानदाराने सगळ्यांना 'शूऽ' केलेलं ऐकू आलं.

"मॅडम," तो म्हणाला, "एक बार और."