घोडा अडला की फंक

किस्से कुणी जमा करत नाय हो. ते ट्रॉम्बोनमधल्या पाण्यासारखे आपोआप साचतात. दोन तास फुंकलं की पितळी नळीत फुंकणाऱ्याचीच वाफ गोळा होते. मग खालची बारकी कळ दाबायची की फुर्रर्र, सगळं रस्त्यावर! शी म्हणू नका. आज मी कळ दाबलीय.

मी सुरेखा, वय पंचेचाळीस, आमच्या ब्रास बँडची मॅनेजर. मॅनेजर म्हणजे फोन उचलणारी! बँड माझ्या मोठ्या भावाचा, मिलिंददादाचा. लग्नाची वरात असो की जयंतीची मिरवणूक, दादाचा ट्रॉम्बोन सगळ्यांत पुढं.

*

ट्रॉम्बोनची लांब दांडी मागंपुढं सरकवून सूर काढतात. खालचा सूर पाहिजे की दांडी पार पुढं. म्हणून दादासमोर कुणी उभं राहायचं नसतं. पडेगावच्या वरातीत नवरदेवाचे मामा नाचत नाचत नेमके तिथंच आले. दादानं खालचा सूर लावला अन् मामांचा फेटा अलगद दांडीवर!

"माझा फेटा!" मामा ओरडले.

दादाच्या तोंडाला ट्रॉम्बोन, बोलणार कसा? अन् गाणं मधेच तोडलं तर बँडची इज्जत जाते. दादा फेटा झुलवत वाजवतोय, मामा उड्या मारतायत. पब्लिकला वाटलं, आयटम हाय!

पुढच्याच आठवड्यात चितेगावहून फोन. "ताई, ते फेटा उडवणारे येणार असले तरच बुकिंग घ्या!"

*

मग दादाला फंक चावलं. एका लग्नात मुहूर्ताची वाट बघत बसला होता, तर मोबाइलवर कुठल्यातरी परदेशी बँडचा व्हिडिओ लागला. ट्रॉम्बोनवाला सगळ्यांत पुढं, अन् मागं नवरदेव नाय, घोडा नाय! दादा बघतच बसला. जेवायलासुद्धा उठला नाय. लग्नातलं जेवण सोडलं, म्हणजे समजा!

दुसऱ्या दिवशी गच्चीवर सगळ्या बँडची मीटिंग.

"पहिल्या ठोक्यावर जोर," दादा समजावत होता. "बाकीचे मोकळे सोडायचे. ऐकणाऱ्याची कंबर आपोआप हलली पाहिजे. ह्याला फंक म्हणतात!"

रफीकचाचा आमच्याकडं वडिलांच्या वेळेपासून, चाळीस वर्षं ढोल वाजवतात. त्यांनी आधी शांतपणे चहा संपवला.

"मियां, इसका नाम फंक है क्या? घोडा अडा तो हम येइच बजाते ना!"

*

फंक बँडमधी एक बाई पाहिजे, स्टेज भरल्यासारखं वाटतं, असं कुणीतरी बोललं. माझ्या हातात घंटी आली. अस्सल, बैलाच्या गळ्यातली! पहिल्याच तालमीत मी एवढी रंगात आले की गाणं संपलं तरी माझी घंटी चालूच.

चाचा म्हणाले, "आपा, गाडी बढिया है. बस ब्रेक नै."

दादा लई मायेनं म्हणाला, "सुरे, तुझा फोन वाजतोय बघ."

फोन माझ्या पर्समधी होता. बंद!

*

वहिनीला मात्र हसू येत नव्हतं. फंकच्या नादात दादानं भर लग्नसराईत तीन तारखा सोडल्या होत्या.

"अहो, लोक बँड बोलावतात नवरदेवासाठी," वहिनी माझ्यासमोरच म्हणाली. "नुसतं तुम्हाला ऐकायला कोण येणार? एक शो करून बघा. लोक खुर्चीतनं उठले, तर माझं तोंड बंद. नाय उठले, तर फंक बंद."

"कबूल!" दादा म्हणाला, अन् तीन महिने धड झोपला नाय.

गारखेड्यातला हॉल, संध्याकाळचे सहा. पब्लिक आलं, खुर्च्या भरल्या. पण सगळे हाताची घडी घालून, भाषण ऐकायला आल्यासारखे! पहिलं गाणं झालं. टाळ्या पडल्या, व्यवस्थित, बक्षीस समारंभातल्या. दुसरं झालं, तेच. वहिनी पहिल्या रांगेत मांडीवर पर्स घेऊन बसलेली. दादाच्या कपाळावरचा घाम मला दारातनं दिसत होता. मी दारात का, तर तिकिटं फाडायला.

तिसरं गाणं सुरू झालं अन् रफीकचाचांनी एक पाऊल टाकलं. बिचाऱ्यांचा काय दोष? चाळीस वर्षं माणूस चालत वाजवतोय, एका जागी उभं राहून कधी वाजवलंय? चाचा निघाले म्हणून ट्रम्पेटवाले निघाले. सगळा बँड रांगेनं स्टेजच्या पायऱ्या उतरला. दादा डोळ्यांनीच "मागं फिरा, मागं फिरा" करतोय, पण ट्रॉम्बोन काय तोंडातनं निघंना! शेवटी तोही मागनं आला, अन् सवयीनं सगळ्यांच्या पुढं गेला.

अख्खा बँड माझ्यासमोरनं बाहेर. मी तिकिटं सोडून भिंतीला चिकटले. पाठोपाठ खुर्च्यांचा धडाधड आवाज. सगळा हॉल उठून मागं! पोरी नाचतायत, रिटायर्ड मास्तर नाचतायत, हॉलचा वॉचमन कुलूप हातात घेऊन नाचतोय!

चौकात रिक्षा अडल्या, सिटी बस अडली. ट्रॅफिकवाले साहेब शिट्टी फुंकत आले. बँड गप.

"परवानगी कुठाय? वरात कुणाची ही? घोडा नाय, काय नाय... नवरदेव कुठाय?"

दादानं मान खाली घातली.

तेवढ्यात गर्दीतनं वहिनी पुढं आली. घामाघूम, अंबाडा सुटलेला, पर्स कुठं गेली तिलाच ठाऊक नाय. तिनं दादाच्या दंडाला धरलं अन् साहेबांपुढं उभा केला.

"हा काय! जुना हाय, पण माझाच हाय. अहो, थांबलात कशाला? वाजवा!"