चहा नंतर, आधी छत

"चहा नंतर. आधी छत."

कुठल्याही शाळेच्या दारात पाऊल टाकलं की आमचे साहेब हेच म्हणत. मुख्याध्यापकांनी बिस्किटांची बशी पुढे केलेली असायची आणि साहेब पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडत असायचे. गच्चीवर ते अनवाणी जात. "स्लॅब कुठे फुगलाय ते बुटाला कळत नाही," म्हणायचे. मी बूट घालून, वही घेऊन मागे. चटके त्यांना बसायचे, लाज मला वाटायची.

बदलापूर-अंबरनाथच्या जुन्या सरकारी शाळा पाहून यादी करायची, हे आमचं काम. कुठली डागडुजीवर निभेल, कुठली पाडून नवी बांधायची. आता तुम्हीही कधीतरी साहेब येणार म्हणून वर्ग झाडला असेल, भिंतींवर तक्ते लावले असतील. शाळांची ती सवय जात नाही. पाहणीचं पत्र गेलं की शाळा रंगरंगोटी करून तयार. आजारी माणसानं डॉक्टरकडे जाताना तोंडाला पावडर लावावी, तसला प्रकार.

कुळगावातली एक शाळा अशीच सजून बसली होती. रंग इतका ताजा की माझ्या बाहीला लागला. आधीच्या दोन पाहण्यांत ती 'सुस्थितीत' म्हणून यादीबाहेर राहिली होती. साहेब गच्चीवरून उतरले ते थेट दुसरीच्या वर्गात गेले आणि पाढ्यांचा मोठा तक्ता त्यांनी भिंतीवरून उचलला. मागे बोटं आत जातील एवढी भेग होती.

"बाई, हे कधीपासून?"

मुख्याध्यापिका बाई पदराशी चाळा करत म्हणाल्या, "तीन पावसाळे झाले, साहेब."

"आणि तुम्ही तक्ता लावलात?"

"मग काय करू? धोकादायक लिहिलंत की शाळा बंद. पोरं रुळांपलीकडच्या शाळेत पाठवणार तुम्ही. यांच्या आया सकाळीच कंपनीत जातात. रोज पलीकडे सोडायला कोण आहे? चार दिवस जातील नि मग घरीच बसतील."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीखाली पोरं बसत होती. मला वाटलं, साहेब आता फाडून खाणार. ते पोरांच्या ठेंगण्या बाकावर बसले आणि म्हणाले, "चहा असेल तर द्या." दोन वर्गांना मात्र त्यांनी तिथल्या तिथे कुलूप घालायला लावलं.

परत येताना मी म्हटलं, "साहेब, अहवाल लगेच टाकूया. सरळ केस आहे."

"सरळ?" ते म्हणाले. "आधीच्या गावात मी अशीच सही केली होती. वर्षभरात शाळा परत आणतो, असं पालकांना तोंडानं सांगितलं. इमारत झाली रे, छान झाली. मुलं आली नाहीत. पांगली ती पांगलीच. उद्घाटनाला मी पुढच्या रांगेत होतो."

त्यापुढचे आठ दिवस साहेब जागा शोधत हिंडले. अट एकच, सगळे वर्ग एकत्र आणि पहिलीच्या पोरीला एकटीनं चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. अंतर ते घड्याळ लावून स्वतः चालून बघत, तेही पहिलीच्या पोरीच्या चालीनं. सहा फुटांचा माणूस भर बाजारातून इवली इवली पावलं टाकत चाललाय म्हटल्यावर लोक बघणारच. भाजीवाल्यानं मला विचारलं, "साहेबांना पायाचा काय प्रॉब्लेम झाला काय?"

शेवटी बुद्धविहाराचा हॉल मिळाला. तिथल्या समितीच्या मावशी म्हणाल्या, "बसू द्या की पोरं. वंदना आमची सातलाच आटपते. पण चपला बाहेर काढायच्या हां." उल्हासनगरहून प्लायवूडचे पडदे आणून हॉलचे चार वर्ग झाले. विहाराचं संमतिपत्र हातात आल्यावरच साहेबांनी 'पाडून नवीन' या रकान्यात सही केली. जुन्या शाळेत पुन्हा वर्ग भरला नाही.

दोन महिन्यांनी ते निवृत्त झाले, तरी दर शनिवारी विहारात चक्कर असायची. कोण आलं नाही ते बाईंना विचारायचे आणि त्या पोराच्या घरी जायचे. मी थट्टा करायचो, "साहेब, पेन्शन घेता की पगार?" ते हसायचे. मला ते माझ्या वडिलांपेक्षा जवळचे वाटायचे, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. गेल्या दिवाळीनंतर ते गेले. साध्या तापाचं निमित्त झालं.

नव्या इमारतीत शाळा या जूनमध्ये भरली. विहारात गेली तेव्हा पहिली-दुसरीत असलेली मुलं आता तिसरी-चौथीत होती. भाषणं झाल्यावर बाईंनी त्यांना अंगणात रांगेत उभं केलं आणि हजेरीपट माझ्या हातात दिला. "परत आल्यावर पहिली हजेरी साहेब घेणार होते. तसं ठरलं होतं आमचं. आता तुम्ही घ्या."

मी नावं वाचत गेलो. प्रत्येक नावाला 'हजर' येत होतं. शेवटच्या नावापर्यंत एकही जागा रिकामी नव्हती.

हजेरीपट परत घेताना बाई म्हणाल्या, "सगळी आली. आता हे कळवायचं कुठे?"