गॅफरला ‘नाही’ कोण म्हणणार

फिजिओच्या टेबलावर माणूस पालथा पडला की बोलायला लागतो. तोंड खाली, नजर जमिनीकडे आणि पाय माझ्या हातात. अशा अवस्थेत फारसं कुणी खोटं बोलत नाही. मी इंग्लंडात, मिडलंड्समधल्या एका युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल टीमची फिजिओ, त्यामुळे किस्से माझ्याकडे आपोआप साठत जातात. त्यातले निम्मे एकट्या तन्मयचे आहेत.

तन्मय आमचा असिस्टंट कोच. आई-बाबा दोघंही इथेच कॉव्हेंट्रीत डॉक्टर, हा जन्मला-वाढलाही इथेच. आमच्याच युनिव्हर्सिटीकडून खेळला, मग मिल्टन कीन्सला आयटीत नोकरी केली आणि एक दिवस ती सोडून इथे मैदानावर प्लास्टिकचे कोन मांडायला परत आला. पगार निम्मा, आणि काँट्रॅक्ट दर वर्षी नव्याने मिळालं तर मिळालं. बाबांनी काही दिवस अबोलाच धरला होता म्हणे. मी पडले कोल्हापूरची. आमच्याकडे फुटबॉलपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात, त्यामुळे मला त्यात काही विशेष वाटलं नाही.

*

कोच म्हणून पहिल्या दिवशी तन्मयसाहेब ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि सवयीने आपल्या जुन्या जागेवर बसले. कोपऱ्यातली, खिडकीखालची. दोन मिनिटांनी सव्वासहा फुटांचा एक डिफेंडर समोर येऊन उभा राहिला.

“मित्रा, ही जागा माझी आहे. तू फर्स्ट इयरला का?”

आता कुणीही सांगितलं असतं, की बाबा रे, मी तुझा कोच आहे. हा म्हणाला, “सॉरी, सॉरी,” आणि उठला. अख्खं टीम टॉक त्याने दाराजवळ उभं राहून ऐकलं. शेवटी हेड कोचने ओळख करून दिली, तेव्हा तो डिफेंडर लाजून जागा द्यायला लागला. तन्मय म्हणाला, “नाही नाही, तू बस. मी इथे बरा आहे.”

*

आमचा हेड कोच बॅरी. इथे हेड कोचला गॅफर म्हणतात. साठीचा माणूस, आवाज पार्किंगपर्यंत ऐकू जातो. तन्मय याच्याच हाताखाली खेळला, आणि घरून शिकवण अशी की मोठ्यांना उलट बोलायचं नाही. त्यामुळे गॅफर काहीही म्हणाला तरी तन्मयचं एकच, “बरोबर आहे.”

एकदा हाफटाइमला बॅरी वैतागला. तन्मयला बाजूला घेतलं आणि अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “मी गोलकीपरला फॉरवर्ड खेळवायचं म्हणतोय.”

तन्मयने खरंच विचार केला. मग म्हणाला, “त्यांना अपेक्षित नसेल.”

बॅरी त्या संध्याकाळी माझ्या टेबलावर पालथा पडून म्हणाला, “मुग्धा, मी असिस्टंट मागितला होता. मला आरसा दिलाय.”

*

बाबांचा अबोला सुटला, पण मराठी मंडळात ते सांगायचे काय, तर “मुलगा युनिव्हर्सिटीत असतो.” तेवढंच. ऐकणारा समजायचा, लेक्चरर असेल. बाबा कशाला दुरुस्त करतायत!

दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकांनी तन्मयला चिवड्याच्या टेबलापाशी गाठलं. “आमच्या ईशाचं डिझर्टेशन जरा नजरेखालून घाल ना. तुझा तर रोजचाच विषय.” विषय होता जुन्या शहरांतली सांडपाण्याची व्यवस्था.

नाही म्हणता येत नाही हा आजारच आहे. माणसाने ते सगळं वाचलं. वर अभिप्रायही लिहून पाठवला: “सुरुवात जरा सावध आहे. मधल्या भागात पकड सुटली, पण शेवटी छान दबाव ठेवलास. असंच खेळत राहा.”

ईशाला चांगले मार्क मिळाले. काकांनी पेढे पाठवले. आता आणखी दोघींची डिझर्टेशन्स त्याच्या इनबॉक्समध्ये येऊन पडलीयत, आणि तो ती वाचतोय.

*

आता थट्टा पुरे, पोराचं चांगलंही सांगते. बॅरी शुक्रवारी टीमची यादी भिंतीवर लावतो आणि निघून जातो. ज्यांची नावं नसतात ती पोरं तिथे तोंडं पाडून उभी. तन्मय त्यांना कोपऱ्यावरच्या चिप्सच्या दुकानात घेऊन जातो, स्वतःच्या खिशातून खायला घालतो आणि प्रत्येकाला नीट समजावून सांगतो, तू का नाहीस, काय सुधारायला हवं. मी एकदा गेले होते सोबत. एक पोरगं रडत होतं, आणि हा त्याच्याकडे न बघता फक्त चिप्स त्याच्या बाजूला सरकवत होता. मला खरंच भरून आलं.

पुढच्या महिन्यात दोन फॉरवर्ड बॅरीकडे गेले आणि म्हणाले, “गॅफर, या शुक्रवारी आम्हाला वगळलं तर चालेल का?”

*

मग झालं ते मिल्टन कीन्स. तिथे मॅच होती, मिनीबस तन्मय चालवत होता, शेजारी बॅरी. त्या गावात एक राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, संपला की पुढचा, आणि सगळे दिसायला सारखे. बॅरी ठामपणे सांगत होता, “इथून दुसरी एक्झिट. आता डावीकडे.” तन्मय मुकाट्याने वळवत होता.

आम्ही एका गार्डन सेंटरच्या पार्किंगमध्ये पोहोचलो. पोरांनी बसमध्येच कपडे बदलले, बाहेर एक आजी जिरेनियमची कुंडी घेऊन बघत उभ्या. मॅच वीस मिनिटं उशिरा सुरू झाली आणि आम्ही हरलो.

परतताना बॅरीला आठवलं. “तू इथे राहत होतास ना?”

“हो. तीन वर्षं.”

“मग तुला रस्ता माहीत होता?”

“हो.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुम्ही खात्रीने सांगत होतात.”

कॉव्हेंट्रीला बसमधून उतरल्या-उतरल्या बॅरी ओरडला. तन्मयची पोस्ट या वर्षी पर्मनंट होणार होती. “ती मी तुला कशी देऊ? उद्या मी खड्ड्यात चाललो तर तू माझ्यासाठी दार उघडून धरशील.”

दुसऱ्या दिवशी तन्मय माझ्या खोलीत येऊन बसला. “मुग्धाताई, हा जॉब गेला तर बाबांनी मिल्टन कीन्सला एकांशी बोलून ठेवलंय. परत आयटी.” मी चहा केला, तो त्याने प्यायला नाही.

*

आता हे शेवटचं मी सांगायला नको खरं तर, पण तुमच्यापैकी हेलनला कुणी ओळखत नाही.

इथला नियम असा, की पोस्ट पर्मनंट करायची तर जाहिरात द्यायची. म्हणजे तन्मयने स्वतःच्याच नोकरीला अर्ज केला. इंटरव्ह्यूच्या पॅनलवर तिघं: बॅरी, एचआरची हेलन आणि मी. प्रश्न सगळ्या उमेदवारांना तेच, शब्दही तेच, उमेदवाराला ओळखत असाल तरी ओळख दाखवायची नाही. प्रत्येक उत्तराला एक ते पाच मार्क. सकाळी खोलीत खुर्च्या नव्हत्या, म्हणून तन्मयनेच त्या आणून मांडल्या आणि मग बाहेर जाऊन बोलावण्याची वाट बघत बसला.

बाबांचा टाय लावून आत आला. बॅरीने चष्मा चढवला आणि कागदावरचं वाचलं, “या जागेबद्दल तुम्हाला कुठून कळलं?”

“तुम्हीच सांगितलंत. बसजवळ. ओरडून.”

हेलन म्हणाली, “अंतर्गत, असं लिहू या.”

दोन-तीन प्रश्न बरे गेले. मग पुढचा प्रश्न बॅरीने मनात वाचला आणि माझ्याकडे बघितलं. मलाही तो समोर दिसत होता.

“वरिष्ठांशी मतभेद झाला, असा एखादा प्रसंग सांगा.”

तन्मयने टायची गाठ पुन्हा एकदा नीट केली. हेलन म्हणाली, “घाई नाही. काहीच नसेल तर पुढे जाऊ.”

“आहे,” तन्मय म्हणाला. “माझ्या शेवटच्या वर्षीची सेमीफायनल. तुम्ही मला साठाव्या मिनिटाला बाहेर काढलंत. ते चुकलं तुमचं.”

बॅरी उमेदवार-बिमेदवार सगळं विसरला. “तू लंगडत होतास!”

“मी लंगडत नव्हतो. मी तसाच धावतो.”

बॅरी माझ्याकडे वळला. मी मान हलवली. खरंच तसाच धावतो तो, डावा खुबा जरा आखडलेला आहे, पण दुखत-बिखत काही नाही.

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?”

“तुम्ही आज पहिल्यांदा विचारलंत.”

बॅरीने पेन उचललं, मार्क लिहिले आणि कागद हेलनकडे सरकवला.

हेलनने तो बघितला, परत त्याच्यासमोर ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, “बॅरी, पाचाच्या वर देता येत नाहीत.”

बॅरीने काही तो सहा खोडला नाही.