पडद्यामागची भिंत

"दुसरं सांग," हे बाईंचं पालुपद. कल्पना पूर्ण ऐकायच्या आत त्या खुर्चीवरून उठायच्या, टेबलाला अर्धी फेरी मारायच्या आणि म्हणायच्या, "छान आहे. दुसरं सांग."

इथे परदेशात, नॉर्थ यॉर्कमधल्या आमच्या लहानशा जाहिरात कंपनीत त्या मजकूर लिहायच्या, मी चित्रं करायचो. त्या वसईच्या, पन्नाशी ओलांडलेल्या. मी साताऱ्याचा, त्यांच्याहून वीस वर्षांनी लहान. साबण-बिस्किटांच्या जाहिराती आम्ही पोटासाठी करत होतो. बाईंचा जीव मात्र सामाजिक कामांत. रक्तदान, एकटे म्हातारे, थंडीत उघड्यावर राहणारी माणसं. एका जागी बसून विचार करणारे तुम्ही पाहिले असतील. या बाई चालत विचार करायच्या. त्यांच्याशी बोलायचं तर आपणही जॅकेट चढवून बाहेर पडायचं.

कच्चं पोस्टर घेऊन त्या थेट बसस्टॉपवर जायच्या आणि कुणाही अनोळखी माणसापुढे धरायच्या. एकदा एका आजोबांनी पोस्टर नीट निरखून विचारलं, "छान आहे, पण विकताय काय?" बाईंनी पोस्टर तिथल्या तिथे फाडलं आणि आजोबांना कॉफी पाजली.

दोन हिवाळ्यांपूर्वी एका संस्थेचं काम आलं. भारतातून शिकायला आलेली मुलं घरांखालच्या बेकायदा बेसमेंटमध्ये राहतात. आग लागली तर बाहेर पडायला वाट नाही, अशा खोल्यांत. त्याबद्दल लोकांना जागं करायचं होतं.

"इथे बसून काय लिहायचं? चल," बाई म्हणाल्या.

आम्ही गेलो तिथे जळगावची एक मुलगी आणखी चौघींबरोबर राहत होती. तिच्या पलंगामागे निळा, फुलाफुलांचा पडदा होता. बाईंनी तो सहज बाजूला केला. मागे कोरी भिंत.

मुलगी ओशाळून हसली. "व्हिडिओ कॉलवर आईला वाटतं खिडकी आहे. हा पडदा तिनेच शिवून दिलाय. रोज विचारते, आज बर्फ पडला का? मी फोनवर वेदर बघून सांगते."

ऑफिसात शिरल्या शिरल्या बाई म्हणाल्या, "दुसरं नको. हेच."

बसस्टॉपच्या निवाऱ्यांत आम्ही खरेखुरे पडदे टांगले. तीच निळाई, तीच फुलं. मी फोटो काढून आणला होता. पडदा सारला की मागे कोरी भिंत आणि तिच्यावर एकच ओळ: 'आईला वाटतं इथे खिडकी आहे.' खाली अशा खोल्यांची तक्रार करायचा नंबर. मुलीचं नाव कुठेच नव्हतं, म्हणून तिला विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

लोक पडदा सारायचे आणि थबकायचे. फोटो घराघरांत पोचले. आमचे मालक जाहिरातींच्या स्पर्धेचा अर्ज भरायला बसले.

त्या नंबरवर तक्रारीही आल्या. त्यांतली एक त्याच घराबद्दल होती, शेजाऱ्याने केलेली. तपासणी झाली, बेसमेंट धोक्याचं ठरलं, आणि ऐन जानेवारीत पाच मुली बॅगा घेऊन फुटपाथवर उभ्या राहिल्या. जळगावच्या मुलीने बाईंना फोन केला. आम्ही गाडी घेऊन पोचलो. ती रडत नव्हती.

"आंटी, आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो आला. आईने पडदा ओळखला." मग म्हणाली, "मी तो तुम्हाला दाखवला होता. सगळ्यांना नाही."

बाईंनी तिची बॅग उचलली. "चुकलं माझं, पोरी. गाडीत बस."

तिघी बाईंच्या एका खोलीच्या कॉन्डो फ्लॅटमध्ये राहिल्या, दोघी त्यांच्या चर्चमधल्या एका कुटुंबाकडे. बाईंनी जळगावला फोन लावून आईची माफी मागितली. आई एवढंच म्हणाली, "माफीचं राहू द्या. ती जेवते का, ते सांगा."

दुसऱ्या दिवशी बाई मालकांसमोर उभ्या राहिल्या. "नंबर बदला. तक्रारीचा नको. आधी खोली शोधून देणारा हवा."

"मोहीम इतकी गाजलीय. आता कशाला हात लावायचा?"

"पाच मुली रस्त्यावर होत्या. गाजली कसली?"

मुलींची सोय झाली की नोकरी सोडते, असं सांगून त्यांनी स्पर्धेच्या अर्जावरचं स्वतःचं नाव खोडलं. मी माझं खोडलं नाही. हे लिहितानाही जड जातं.

त्या आठवड्यात संस्थेच्या लोकांशी बोलून त्यांनी एकेक पडदा स्वतः उतरवला. मी मदतीला गेलो. शेवटच्या स्टॉपवर गारठलेल्या बोटांनी त्या गाठ सोडवत होत्या. मी म्हणालो, "मीही राजीनामा देतो."

"गप. इथे कायमचं राहायचे तुझे पीआरचे कागद यायचेत अजून. जॉब सोडलास तर तुला कुठे ठेवू? घरात जागा नाही."

पाचही मुलींना खोल्या मिळाल्यावर त्यांनी नोकरी सोडली. बक्षीस आम्हाला मिळालं. ते घ्यायला मीच गेलो, आणि भाषणात काय बोललो ते मला आठवत नाही.

आता बाई विंडसर शहरात असतात. तिथे नव्याने येणाऱ्या मुलींबरोबर खोल्या बघत फिरतात. परवा मी फोन केला. "बोल रे," म्हणाल्या, आणि मी तोंड उघडायच्या आत, "अरे थांब, पोरगी एकटीच घरमालकाबरोबर आत गेली बघ."

फोन बंद करायचा त्या विसरल्या. बर्फावर झपझप पडणारी पावलं ऐकू आली, मग धाप, मग दारावरची थाप. दार उघडल्याचा आवाज आला, आणि बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "शी इज विथ मी."