हवालदारांचे देवदार

देवदाराच्या सहा रोपांना मी एकदा जंतुनाशकानं आंघोळ घातली. मुळांवर पांढरी जाळी दिसली, बुरशी समजून घासून काढली. स्वच्छतेत माझा हात धरणारं कोणी नव्हतं; त्या दिवशी कोणी धरला असता तर बरं झालं असतं. नात ऐकून म्हणते, "आजी, यू वॉश्ड अ ट्री?"

दुबईत, अल क्वोजमधल्या रोपांच्या गोदामात मी ऑफिस बघायची. तिथली रोपं सांभाळणारे हवालदार साताऱ्याकडचे. फौजेत असताना त्यांनी हिमालयातल्या उजाड डोंगरांवर देवदार लावलेले. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आणि हे कोल्डरूममध्ये स्वेटर घालून रोपांची हजेरी घेताहेत! माती चिमटीत घेऊन हुंगायचे, "आज बरी हाय" म्हणायचे, मगच चहा. एका मॉलच्या बर्फाच्या देखाव्यासाठी सात रोपं वाढवायची होती. ती जगली तरच त्यांचा व्हिसा वाढणार होता.

कुंड्या बदलायला सहा रोपं बाहेर काढून, मुळांवर ओलं गोणपाट टाकून ते जेवायला गेले. परतले तेव्हा मी दारातच उभी. "काका, चकचकीत केली बघा!"

हवालदारांनी खाली बसून एक मूळ चिमटीत घेऊन हुंगलं.

"ताई, ती बुरशीच मुळांस्नी पानी आणून देती. पहाडात जुन्या झाडाखाली समदी माती तिनंच भरलेली असती. तिच्याबिगर रोपटं तगत न्हाई."

सातव्या कुंडीतली मूठमूठ माती त्यांनी बाकीच्यांच्या मुळांना लावली. मग नुसती वाट पाहणं. रोज सकाळी मी दाराच्या काचेला नाक लावून बघायची, सुया कालच्यापेक्षा पिवळ्या झाल्या का. हवालदारांचा चहा तसाच निवायचा. आठव्या दिवशी चार रोपं पार झडली, आणि त्याच दिवशी मालक आला.

"किसने किया?"

नवऱ्याची नोकरी गेलेली, इंटरनॅशनल सिटीतल्या घराचं भाडं माझ्या पगारावर. एरवी अखंड बडबडणारी मी, खाली वाकून झडलेल्या सुया गोळा करू लागले.

"मेरे हाथ से हुआ, साब," हवालदार म्हणाले.

"खलास," मालक म्हणाला.

व्हिसा संपवून ते गावी निघाले त्या दिवशी मी गेटपर्यंत धावले. रडत म्हटलं, "काका, मी आत्ता जाऊन खरं सांगते."

त्यांनी बॅग खाली ठेवली.

"आता सांगून दोघांचाबी व्हिसा जाईल. तीन जगल्यात, त्यांना पानी घाला. आन् नव्या मानसाला पहिल्याच दिशी सांगा, बुरशी धुवायची न्हाई म्हून. मी तुमास्नी सांगितलं न्हवतं, तेवढी चूक माजीबी हाय."